पॅकेजातला आवाज

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव मी उखाण्याबिगर कधी घेतलं नाय. आता त्यांच्याबद्दलच सांगायला बसले, तर किती वेळा "आमचे हे, आमचे हे" करणार? म्हणून सरळ बिभीषणराव म्हणते. त्यांना वाचून दाखवीन तवा लाजतील. लाजू देत, इतकी वर्षं मी लाजले.

बिभीषणराव चितेगावला एका कंपनीत मशीनवर हायेत. तिथंच आमच्या दोन खोल्या, आम्ही दोघं अन् लेक तनुजा. पण जिल्ह्यात त्यांना कंपनीवाला म्हणून कुणी ओळखत नाय. कन्नडपासून पैठणपर्यंत ज्यानं चार लग्नं जेवलीत, त्याला त्यांचा आवाज ठाऊक हाय. लग्नाच्या मांडवात माईकवर बोलतो तो माणूस म्हणजे बिभीषणराव. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं, ही नम्र विनंती." "एम एच वीसची पांढरी जीप मांडवाच्या तोंडाशी लागलीय, मालकानं काढून घ्यावी, नायतर नवरदेव जीपवरून उडी मारून येईल." असलं सगळं.

पण गाड्या काढायला लावणं हे काय खरं काम नव्हं. खरं काम म्हणजे नावं घेणं. कोण कोण पाहुणे आलेत, कुण्या गावचे, नवरीचे कोण लागतात, हे एकेकाचं नाव घेऊन सांगायचं अन् स्वागत करायचं. आमच्याकडं लग्नात भाजीत मीठ नसलं तर माणूस हसून सोडून देतो. पण माईकवरून नाव नाय घेतलं तर घरी जाऊन बायकोला सांगतो, पुढच्या लग्नाला जायचं नाय म्हणून. लोकांना वाटतं ह्यात काय, यादी वाचायची. यादी वाचून काम झालं असतं तर मीच वाचली असती, मला काय जबान नाय?

बिभीषणराव मुहूर्ताच्या दोन तास आधी मांडवात जायचे. खिशात बारकी वही. म्हाताऱ्या माणसांच्या घोळक्यात बसायचे, तंबाखू मळायला मागायचे, स्वतः खात नाय तरी, अन् हळूच विचारायचे. थोरला मेहुणा कोण? औंदा घरात कोण वारलं? कोणाचं कोणाशी तोंड नाय? एका लग्नात दोन साडू एकमेकांकडं पाठ करून बसले होते, पहिलं नाव कोणाचं ह्याच्यावर दोघांचे कान. तर ह्यांनी दोघांची नावं एका दमात घेतली, मधी श्वास सोडला नाय, अन् लगेच म्हणले, "दोघंबी उभं राहा, मांडवाला बघू द्या." दोघंबी उभे राहिले. उभं राहिल्यावर एकमेकांकडं बघावं लागलंच की. असं करायचे. माईकवर एवढी जबान चालवणारा हा माणूस घरात मात्र मुका. भाजीत काय कमी पडलं हेसुदा सांगणार नाय. घरात बोलायचं काम माझ्याकडं, अन् ते मी बरं करते.

अन् ज्या माणसानं दुसऱ्यांची तोंडं जुळवली, त्याच्या सख्ख्या भावाचं तोंड त्याच्याशी अकरा वर्षं नव्हतं. ते सांगते आता, म्हणजे पुढचं कळंल.

मल्हारराव म्हणजे माझे मोठे दीर. आमचं गाव कन्नडच्या पुढं, घाटाकडं. मेंढरं होती, अजूनबी थोडी हायेत, अन् शेती. अकरा वर्षांमागं चुलत नणंदेचं लग्न होतं, गावातच. माईक अर्थातच बिभीषणरावांकडं. दोन-अडीचशे नावं घेतली असतील त्या दिवशी. दीर नवा फेटा बांधून स्टेजच्या बाजूला उभे होते, संगं त्यांचे नवे व्याही. कारखान्याच्या डायरेक्टरचं नाव झालं, सरपंचाचं झालं, पार जनावरांच्या डॉक्टरचं झालं. मल्हाररावांचं नाव काय येईना. शेवटाला बिभीषणराव म्हणले, "बाकी सगळी घरचीच मंडळी, त्यांचं काय नाव घ्यायचं," अन् माईक ठेवला.

आता माईकवाल्यांत अशी रीतच हाय. आपल्या घरच्यांची नावं आपणच घेणं बरं दिसत नाय, लोक म्हणतात स्वतःचीच आरती ओवाळतो. ह्यांनी ती रीत पाळली. पण मल्हारराव व्याह्यांच्या शेजारी तसेच उभे. व्याह्यांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, अन् नजर काढून घेतली. सांजच्याला घरी आल्यावर दीर म्हणले, "आख्ख्या तालुक्याचं नाव घेतलं. थोरल्या भावाचं घेताना जीभ झडली काय?" बिभीषणराव म्हणले, "दादा, आपलंच नाव आपणच कसं घ्यायचं?" दीर म्हणले, "बरं. आजपासनं मी तुझा नाय, म्हंजी तुला अडचण नको."

एवढंच. ना बांधाचं भांडण, ना विहिरीचं. लोकांना सांगितलं तर हसतात. पण ह्याच्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. सहा महिन्यांनी आम्ही चितेगावला आलो. सासूबाई, आवडाबाई त्यांचं नाव, गावाकडंच राहिल्या. मेंढरं सोडून कुठं जाणार नाय म्हणल्या. पहिलं पहिलं कन्नडच्या बाजाराला यायच्या, तिथं मायलेक भेटायचे, भजे खायचे. दोन वर्षांपासनं डोळ्यांना दिसंना अन् गुडघे उचलंनात, तर तेबी बंद झालं. माझी जाऊ, भामाबाई, दुपारी दीर रानात गेले की फोन लावून सासूबाईंच्या कानाला धरायची. सासूबाईंचं एकच, "तुम्ही दोघं एका जागी उभे दिसले की मी मोकळी." दिसत तर काय नव्हतं त्यांना. पण म्हणायच्या असंच.

आता तो गोकुळ. शहरातल्या एका इव्हेंट कंपनीचा पोरगा, पोरगा म्हणजे तिशीचा, दाढी कोरलेली, बोलायला लई गोड. गेल्या दिवाळीच्या आधी घरी आला. "काका, एका तारखेला दहा लग्नं, तुम्ही एकालाच पुरणार. बाकी नऊ घरं नाराज. आपण तुमचा आवाज सेव्ह करू. टेन्शन घेऊ नका, अपनेच मानसं हैत." मी चहा दिला, पण मला तवाच ते रुचलं नव्हतं. आवाज काय लोणचं हाय का बरणीत भरून ठेवायला?

बिभीषणरावांना वाटलं, आपलं नेहमीचं बोलणं टेप करून ठेवतील, "मामांनी मुलीला घेऊन यावं" वगैरे, अन् लावतील. शहरात गुलमंडीत कपड्याच्या दुकानावर एक खोली हाय, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. तिथं दोन दिवस बसवलं. काय काय वाचून घेतलं. गावांची नावं, आडनावं, आकडे, पेपरातल्या बातम्या, हसून, रागावून, हळू. कागदावर सही घेतली, पैसे दिले, शाल पांघरली. हे खुशीत घरी आले. म्हणले, "शेतकरी बियाणं जपतो तसा माझा आवाज जपणार हायेत."

जपला कसला! मशीननं त्यांचा आवाज असा उचलला की आता काहीबी टाईप करा, ते बोलतं, अन् बोलतं ते बिभीषणरावांच्या आवाजात. कंपनीनं तो पॅकेजात घातला. एलईडीचा पडदा, ड्रोन, मोबाईलवर लाईव्ह, अन् संगं "बिभीषणकाकांचा आवाज". माणूस नको, जेवणाचं ताट नको, गाडीभाडं नको. उन्हाळ्यातली लग्नाची तिथ धरायची म्हणली की आमच्या घरी लोकांची रांग लागायची, तर औंदा तीन आले. त्यातला एक जण म्हणला, "मामा, तुम्ही यायलाच पायजे असं नाय, आवाज आलाय आमच्याकडं, तुम्ही नुसते जेवायला या." मी त्याला जेवायला वाढलं नाय.

अन् गंमत सांगू? एका लग्नात ह्यांनी पंगतीत बोललेलं कुण्या पोरानं मोबाईलवर धरलं होतं. "घाई करू नका, नवरी पळून जात नाय अन् भजीबी पळून जात नाय." कुण्या डीजेवाल्यानं ते उचलून त्याच्यावर ढुमढुम लावलं. मंग काय, रिक्षात तेच, वरातीत तेच, कंपनीच्या बसमधी तेच. पोरी त्याच्यावर नाचून व्हिडिओ टाकायल्या. बिभीषणराव बसमधी खिडकीला बसलेले, अन् मागं पोरं "भजीबी पळून जात नाय" वर माना डोलवायची. हा आवाज ह्या समोरच्या माणसाचा हाय हे एकालाबी ठाऊक नाय. मी म्हणलं, सांगा की त्यांना. म्हणले, "सांगून काय करू? म्हणतील म्हातारा फुशारक्या मारतो."

पण भावकीत जो बखेडा झाला त्याला हसू येईना. त्यांच्या आतेभावानं, बन्सीनं, पोराच्या लग्नाला बोलवलं होतं. कंपनीत दुसरी पाळी, सुट्टी मिळाली नाय, गेले नाय. त्याच दिवशी बन्सीच्या मेहुण्यानं पैठण रोडच्या एका लग्नात ह्यांचा आवाज ऐकला. झालं! बन्सीचा फोन, "आमच्या टायमाला ड्युटी, अन् तिकडं माईक धरायला मोकळे?" ह्यांनी लई समजावलं, मशीन हाय, मी नव्हतो. बन्सी म्हणला, "मशीनला माझ्या मेहुण्याचं गाव ठाऊक हाय व्हय? गावासकट नाव घेतलं त्याचं!" हकनाक दुसरा भाऊ तुटायची पाळी आली.

एवढं सगळं झालं, अन् मंग वैशाखात अपेक्षाचं लग्न निघालं.

अपेक्षा म्हणजे मल्हाररावांची धाकटी. दोन वर्षांची होईस्तोवर माझ्याच कडेवर होती. कन्नड रोडवरच्या लॉन्सवर लग्न, रविवारी, बारा पस्तीसचा मुहूर्त. पत्रिका आली नाय. येणार नाय हे मला माहीत होतं. पण बिभीषणरावांना नव्हतं माहीत, किंवा माहीत असून मानायचं नव्हतं. आठ दिवस आधी त्यांनी सुट्टी टाकली. मला सांगितलंबी नाय, तनुजानं सांगितलं. रविवारी सकाळी अंघोळ करून पांढरा सदरा घातला, इस्त्रीचा. मी विचारलं, "कुठं निघाले?" म्हणले, "कुठं नाय. सुट्टी हाय म्हणून घातला." अन् फोन समोर घेऊन बसले. भाऊ शेवटच्या घडीला तरी फोन करंल, "बिभ्या, ये," एवढं म्हणंल, ह्याची वाट बघत होते. दुसरं काय नको होतं त्यांना. माझा जीव असा तुटला, अन् राग बी आला, दिराचा बी अन् ह्यांचा बी.

अकरा वाजता अपेक्षानं तनुजाच्या मोबाईलवर लाईव्हची लिंक पाठवली. खाली लिहिलं, "काकांना दाखव." तनुजानं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. स्टेज दिसलं, फुलं दिसली, बाजूला माणसाएवढे स्पीकरचे डबे. अन् आवाज सुरू झाला.

"सर्व पाहुणे मंडळींचं मल्हारराव अन् परिवाराकडून हार्दिक स्वागत."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पाटावर बसलेले, तोंड मिटलेलं. अन् त्यांचाच आवाज साखरेच्या डब्यापासनं यायला लागला. दिरानं तेच पॅकेज घेतलं होतं. भाऊ नको, पण भावाचा आवाज पायजे! मी म्हणलं ते इथं लिहीत नाय.

बिभीषणराव कान देऊन ऐकत होते. मामांची नावं सुरू झाली तर हळूच म्हणले, "थोरला मामा आधी पायजे होता, हा तर तिसरा हाय." आवाज पुढं चालला. "वधूचे चुलते..." तनुजानं माझा हात धरला. "वधूचे चुलते श्री. कडुबा, वधूचे चुलते श्री. बन्सी, यांचं स्वागत. वधूच्या आत्या..." कडुबा चुलत भाऊ, बन्सी आतेभाऊ. सख्खा चुलता इथं चितेगावात पाटावर. त्यांच्याच आवाजानं त्यांना वगळून टाकलं. बिभीषणराव उठले, माठातनं पाणी घेतलं, अन् माठापाशीच उभे राहिले.

"पप्पा, आजी," तनुजा म्हणली.

सासूबाई काठी टेकत स्टेजच्या बाजूनं आल्या. कुणी संगं नाय. त्या थेट स्पीकरच्या डब्यापाशी गेल्या अन् त्याला हात लावला. चाचपून बघितलं, मागंबी हात फिरवला. मंग वाकून त्या डब्याशी काय तरी बोलल्या. आम्हाला ऐकू आलं नाय, तिथं आवाज चाललेला, "खुलताबादहून आलेले..." कोण कोण. एक बाई त्यांना खुर्चीकडं न्यायला आली, तर त्यांनी हात झटकला. पदरानं डब्याच्या वरची धूळ पुसली, अन् तिथंच खाली बसल्या, डब्याला टेकून.

तेवढ्यात भामाबाईचा फोन. मी स्पीकरवर टाकला. "सारजे, काय करू गं? सासूबाई म्हणतात बिभीषण आलाय, दोघं भाऊ एक झाले, देवानं ऐकलं. सकाळधरनं घास खाल्ला नाय, म्हणतात त्याचं बोलणं झालं की त्याच्या संगं खाईन. दिसत नाय त्यांना. त्यांना वाटतं तो त्या पेटीमागंच उभा हाय. मी काय सांगू त्यांना?"

बिभीषणरावांनी माठापासनं विचारलं, "दादा काय म्हणतो?"

"त्यांना कुठं ठाऊक, ते पाहुण्यांत हायेत."

फोन ठेवला. बिभीषणराव उभेच. म्हणले, "दादानं बोलवल्याबिगर कसं जायचं?"

मंग माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "तुमचा आवाज बोलवल्याबिगर गेला ना? सकाळपासनं भावाच्या मांडवात राबायलाय ना? मंग तुम्हीच काय पाप केलंय? आई उपाशी बसलीय, अन् तुम्ही इथं मान घेऊन बसा!" असं बोलायला नको होतं कदाचित. पण बोलले ते बरं झालं.

त्यांनी गाडीची किल्ली घेतली. मी आहे त्याच लुगड्यावर मागं बसले. तनुजा म्हणली मी बघत राहते इथनं. शहर ओलांडून कन्नड रोडला जायचं होतं. एका सिग्नलला बाजूच्या रिक्षात वाजत होतं, "भजीबी पळून जात नाय." त्यांनी तिकडं बघितलंसुदा नाय.

सव्वा वाजता पोचलो. मुहूर्त बारा पस्तीसचा, पण आमच्याकडं मुहूर्ताला कोण विचारतं, नवरदेव अजून पारावरच नाचत होता. मांडवात शिरलो तर आवाज चालूच. दारात एक ओळखीचे गृहस्थ, आप्पासाहेब, त्यांनी हात जोडले. "या बिभीषणराव! पण माईक सोडून बाहेर कसे..." अन् बोलता बोलता थांबले, कारण माईकवर बिभीषणराव बोलतच होते. आप्पासाहेब एकदा ह्यांच्या तोंडाकडं बघायचे, एकदा स्पीकरकडं. पुढं पुढं तसंच होत गेलं. माणसं वळून बघायली. हे मान खाली घालून सरळ आईकडं गेले अन् पायाशी बसले.

सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "आलास का रं? घामानं भिजलास पार. सकाळधरनं किती बोललास, घसा सुकला असंल."

"व्हय आई."

"समद्यांची नावं घेतलीस. मी मोजीत व्हते. गावोगावचे आले. मी म्हणलं आता माझं घेईल, मंग माझं घेईल. म्हणून हिथं पेटीपाशीच बसले. पोरीच्या आजीचंच नाव नाय घेतलंस बिभीषणा."

मी तोंड उघडलं, की आई तो नव्हता, मशीन होतं. तर त्यांनी माझं मनगट धरलं, गच्च. मला तवा कळलं. मशीन म्हणलं तर भाऊ एक झाले नाय हेबी सांगावं लागलं असतं. ते म्हणले, "चुकलं आई. इसरलो."

मल्हारराव तिथवर आलेले मला दिसलेच नव्हते. कुणी तरी सांगितलं असंल. फेटा, गळ्यात उपरणं, अन् चेहरा दगडाचा. अकरा वर्षांत म्हातारे झालेत, हे मला तवा दिसलं. दोघा भावांत दोन हाताचं अंतर, मधी आई.

सासूबाईंना पायांच्या चाहुलीवरनं कळलं. "मल्हार, तू तरी त्याला आठवण करून द्यायची."

दीर म्हणले, "आई, ह्याची चूक नाय. यादी मी दिली व्हती. तू घरचंच माणूस, तुझं काय नाव..." अन् तिथंच थांबले. त्यांनी बिभीषणरावांकडं बघितलं, अन् ह्यांनी त्यांच्याकडं.

"अन् ह्याचं बी नाय लिहिलं," दीर म्हणले. "ते मुद्दाम गाळलं. हा सकाळी नव्हताच आई, आत्ता आलाय. मी बोलवलंच नव्हतं. ह्यो आवाज मशीनचा हाय."

सासूबाई बसल्या तशा बसून राहिल्या. मला वाटलं आता रडतील, नायतर उठून जातील. त्यांनी एक हात बिभीषणरावांच्या खांद्यावर ठेवला, दुसरा हात पुढं करून हवेत हलवला, मल्हाररावांचं धोतर लागेस्तोवर. लागलं तसं धरलं. "मला मशीन-बिशीन कळत नाय. दोघं हिथं हाव ना?"

"व्हय," दोघंबी म्हणले.

"मंग घ्या नावं."

गोकुळ लॅपटॉप घेऊन पळत आला. त्याला वाटलं यादीत चूक झाली म्हणून तक्रार हाय. "काका, दोन मिनिट, टाईप करतो, आजीचं नाव सांगा, लगेच बोलंल."

"बंद कर ते," मल्हारराव म्हणले.

"काका, लाईव्ह चालू हाय..."

"बंद कर म्हणलं ना!"

आवाज थांबला. सगळ्या मांडवाच्या माना वर झाल्या. गोकुळनं माईक आणून बिभीषणरावांच्या हातात दिला. ते उठले. तोंडापाशी नेला. अन् माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बघितलं, माईक हातात असून त्यांना बोलता येईना. पाचशे माणसं बघायलीत. त्यांनी माईक खाली घेतला अन् भावाकडं केला.

मल्हाररावांनी उभ्या जन्मात माईक धरला नव्हता. तोंडाला पार चिकटवला, तर तो किंचाळला. लोक कान झाकायले. दिरांनी माईक लांब धरला, मंग जवळ आणला.

"वधूची आजी," ते म्हणले. "माझी आई. आवडाबाई. हिथं बसलीय."

सासूबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला अन् ताठ बसल्या.

"अन् वधूचा चुलता. माझा पाठचा भाऊ बिभीषण." पुढं काय म्हणायचं ते दिरांना सुचंना. स्वागत म्हणतात, विनंती म्हणतात, तसलं काय त्यांना येत नव्हतं. ते भावाकडं वळले, माईक तोंडापाशी तसाच, अन् अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं, चितेगावात तनुजालाबी गेलं.

"जेवलास का रं?"

बिभीषणरावांनी मान हलवली, नाय म्हणून.